सुकतीचं घड्याळ

सुकती लागली की पहाटे
आक्षीच्या पुळणीवर उभा राहतो मी,
मोडक्या वल्ह्याचा खुंट ठोकून.
गळ्यात लाल नाडीला स्टॉपवॉच,
निवृत्त झालो तेव्हा शाळेनं मागितलं नाही,
मीही आठवण केली नाही.

सुरूच्या शेवटच्या झाडापासून खुंटापर्यंत चारशे मीटर.
टेपनं मोजलेत, दोनदा.
दुसऱ्या वेळी तीन मीटर जास्त भरले.

घोडी अजून बिननावाची.
पहिल्या शर्यतीआधी नाव ठेवू नये,
म्हणतो हरेश्वर म्हात्रे;
खरं तर त्याला सुचलेलं नाही.
कुमैत रंग, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा,
ओल्या वाळूचा राग आल्यासारखी चाल.
वर अयाज. सदतीस किलो, चपला काढून.

लांबून आधी काहीच ऐकू येत नाही.
मग तळव्यांना कळतं,
पाणी पिऊन घट्ट झालेली वाळू
खालून निरोप देते.
मग नाकपुड्या.
मग ती गेलेली असते
आणि तोंडावर तिनं उडवलेलं खारं पाणी.

बाकीचे घड्याळात डोकावतात.
मी खाली बघतो.
मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या किती पुढे पडला,
वीत, की वीत आणि चार बोटं?
टोकानं वाळू उकरलीय का?
शेवटच्या शंभरात ठसे खोल गेले
तर समजायचं, दम पायात उतरला.
मी वाकून ठशात बोट घातलं.
दुसऱ्या पेरापर्यंतही गेलं नाही.
पुढच्या ठशात घालणार, तर
सुकतीतही एखादी लाट हट्टानं वर येते,
ती आली,
आणि उरलेला पुरावा पुसून गेली.

सव्वीस पूर्णांक चार.

'किती?' हरेश्वर मोटारसायकलवरूनच ओरडला.
'अठ्ठावीस,' मी म्हणालो.

पुण्याचं गिऱ्हाईक रविवारी येतंय.
सत्ताविसाच्या आत आली
तर पैसे रोख आणि घोडी टेम्पोत.
अयाजच्या तोंडाकडे बघून खोटं बोललो
असं कुणी म्हणेल. म्हणो.
मला तिला शर्यतीत बघायचंय,
एवढंच.

एकटी पळते ती.
शेजारी दुसरा श्वास आला,
डाव्या डोळ्याच्या कडेला दुसरी मान दिसली,
दोन्ही बाजूंनी माणसं, शिट्ट्या, ताशा,
तेव्हा हे सव्वीस कुठे जाईल?
मंदा भोईर, नववी ब.
आमच्या मैदानावर वारा तिच्या मागे राहायचा.
तालुक्याला पिस्तूल वाजलं
आणि ती कानांवर हात ठेवून रेषेवरच उभी.
मी तिच्या वडिलांना लिहून दिलं होतं,
'मुलगी राज्यावर जाईल.'
कागद त्यांनी जपून ठेवलाय.
बाजारात भेटले की अजून सांगतात,
रागानं नाही, हेच वाईट.

आणि हा अंगठा.
गेल्या गणपतीपासून थोडा उशिरा दाबतो,
चहाचा कपही त्याला विचारून उचलावा लागतो.
सुरुवातीला उशीर झाला असेल
तर घोडी सव्वीसची नाहीच.
म्हणजे मी खोटं बोललो,
की चुकून खरं?

संध्याकाळी तिच्या ठाणावर गेलो.
घाम सुकून पाठीवर मिठाच्या रेघा.
छाती भरून खाली येते, सावकाश,
भरलेली होडी खाडीत येते तशी.
भिजवलेले चणे संपवले,
बादलीचा तळ चाटला,
मग नाकानं बादलीच पाडली.
कसाला लागलेलं जनावर दाणा टाकतं.
हिनं अजून मागितला.

अयाज खरारा करत होता. मान वर न करता म्हणाला,
'सर, मी मनात मोजत होतो. पंचवीस झाले.'
'तू घाईनं मोजतोस.'
'हो,' म्हणाला, आणि हसला
घोडीच्या पोटाआड.

उद्या सुकती पन्नास मिनिटं उशिरा.
जाताना टेप न्यायला हवी.
खुंट तीन मीटर अलीकडे घ्यायचाय,
की पलीकडे,
ते तिथे गेल्यावर बघू.